पैसे भरलेलं विंडोज पुसून लोक लिनक्स का टाकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा लॅपटॉप घेतला, विंडोज ११ त्यातच आलं, त्याचे पैसे किमतीत धरलेलेच होते. ऑफिसातल्या दोघांनी मात्र तसल्याच लॅपटॉपवरचं विंडोज पुसून लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम टाकली. पैसे भरलेली वस्तू सोडून फुकटातली का घ्यायची? आणि ती एवढी चांगली असती तर सगळ्यांनीच वापरली नसती का?

नाशिकमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि काही छोट्या ऑफिसांची, एका शाळेची मशीनं सांभाळायचं काम मी बावीस वर्षं करतोय. दोन्ही सिस्टिम रोज हाताखालून जातात. विंडोज वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांना आजही मी विंडोजच ठेवा म्हणून सांगतो. तुमच्या प्रश्नातला 'फुकट' हा शब्द मात्र आधी बाजूला काढायला हवा. खरं कारण त्याच्यामागे झाकलं जातं.

आपल्याकडे विंडोजही कित्येक वर्षं फुकटच होतं. दुकानात मशीन 'फॉरमॅट मारायला' यायचं, कारागीर क्रॅक केलेली सीडी घालायचा आणि दोनतीनशे रुपये मजुरी घ्यायचा. लायसन्स विकत घ्यायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसायचं. त्यामुळे २००५-०६ साली आमच्या गल्लीत ज्यांनी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं, त्यांचा एक रुपयाही वाचला नव्हता. तेव्हा उबुंटूच्या सीड्या मागणी नोंदवली की टपालाने घरपोच यायच्या, त्याही मोफत. दोन्हीकडे किंमत शून्य, आणि तरी त्यांनी अवघड वाट निवडली. त्या वेळी वाय-फायची चिप चालवायला दोन-दोन रात्री जायच्या. ही माणसं पैशासाठी तिकडे गेली नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

क्रॅकची किंमत आम्ही पुढे भरली. क्रॅक टिकावा म्हणून अपडेट बंद ठेवायचे आणि अँटिव्हायरसही बंद करायचा, ही सर्रास पद्धत होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, जगभर पसरलं. ते ज्या भोकातून शिरत होतं, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. अपडेट बंद असलेल्या मशीनांपर्यंत तो पोचलाच नाही. माझ्याकडे त्या काळात एका छोट्या व्यापाऱ्याचं मशीन आलं होतं, त्याच्या चार वर्षांच्या हिशेबाच्या सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या. मला एकही परत मिळवून देता आली नाही. तेव्हापासून माझ्या हाताने मी क्रॅक टाकत नाही. लायसन्स घ्या, नाहीतर लिनक्स टाका. तिसरा पर्याय मी देत नाही.

मग खरं कारण काय? माझ्या मते ते एका प्रश्नात आहे: या मशीनबद्दलचे निर्णय कुणी घ्यायचे? ते कधी रीस्टार्ट व्हावं, त्यातली कोणती माहिती बाहेर जावी, कोणता प्रोग्रॅम काढता यावा आणि कोणता नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते निकामी कधी ठरावं.

शेवटचा मुद्दा कागदी वाटतो म्हणून शाळेचं उदाहरण सांगतो. मी सांभाळतो त्या शाळेच्या लॅबमध्ये वीस मशीनं आहेत. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम. मॉनिटर धड, कीबोर्ड धड, मुलांचं काम अडत नव्हतं. पण विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. आमची वीसच्या वीस मशीनं त्या यादीत बसेनात. त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता. मुदतवाढ मिळत होती, पण ती संपल्यावर पुन्हा तोच प्रश्न.

टीपीएमची अट उगाच घातलेली नाही, हेही सांगायला हवं. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधली माहिती वाचवायला त्या चिपचा खरा उपयोग होतो. पण शाळेच्या लॅबला तिची गरज आहे का, हे ठरवायचा हक्क शाळेला नव्हता.

आम्ही प्रत्येक मशीनमध्ये २४० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातली आणि लिनक्स मिंट टाकलं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. खर्च झाला तो एसएसडीचा. पाचवीची मुलं स्क्रॅच आणि जीकॉम्प्री हे मुलांसाठीचे प्रोग्रॅम वापरतात, आठवी-नववीची लिबरऑफिसमध्ये, म्हणजे पत्रं-तक्ते करायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये, मराठी टाइप करतात. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासूनच असतो. चालू व्हायला पूर्वी दीड-दोन मिनिटं लागायची, आता वीसेक सेकंदात लॉगिन येतं. यातलं बरंचसं श्रेय एसएसडीचं आहे, लिनक्सचं नव्हे. विंडोजसुद्धा एसएसडीवर पळतं. लिनक्सचं श्रेय एवढंच की ही मशीनं भंगारात जायची ती राहिली.

हे जमतं कसं? ओपन सोर्स सिस्टिममध्ये तुकडे वेगवेगळे असतात. तळाशी कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा गाभा. त्यावर बाकीची साधनं आणि सगळ्यात वर डेस्कटॉप. प्रत्येक तुकड्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला असल्याने कुणीही त्यांची आपल्या पद्धतीने जुळणी करू शकतो. डेस्कटॉप जड वाटला तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाका. खाली तेच कर्नल राहतं. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशा वेगवेगळ्या जुळण्यांचीच नावं आहेत. एखादी जुळणी जुन्या मशीनना सोडून पुढे गेली, तरी दुसरी कुणीतरी त्यांच्यासाठी टिकवून ठेवलेली असते.

यामागच्या कायदेशीर बाजूकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण सगळी ताकद तिथे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एका जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सोय केली होती: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना संदेश जायचा. १९८० च्या सुमारास नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा सोर्स कोड मिळेना, आणि तीच साधी सोय त्यात करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे जीपीएल हे लायसन्स आलं. त्याचं सार असं: प्रोग्रॅम ज्याच्या हातात जाईल त्याला तो वापरायचा, आतून बघायचा, बदलायचा आणि पुढे द्यायचा हक्क आहे, आणि पुढे देताना हाच हक्क त्यालाही द्यावा लागेल. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये आपलं कर्नल जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी ते या लायसन्सखाली आणलं. तेव्हापासून ते कुणा एकाच्या मालकीचं करून बंद करता येत नाही.

लिबरऑफिस हा त्याचा उत्तम दाखला आहे. ओपनऑफिस हा प्रकल्प सन या कंपनीच्या छायेत वाढला. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, पुढे काय होईल याची खात्री राहिली नाही, आणि सप्टेंबरमध्ये काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोच कोड घेऊन लिबरऑफिस हा वेगळा संसार मांडला. कुणाची परवानगी लागली नाही. मालक बदलला म्हणून वापरणाऱ्यांचं एकही पत्र, एकही तक्ता अडकला नाही.

याच्या उलट काय होतं ते मी एका प्रेसमध्ये पाहिलंय, आणि मराठी वाचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. एका मुद्रकाकडे एका मासिकाचे बारा वर्षांचे अंक पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये लावलेले होते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. अंकांतला मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होता. त्या फाँटमध्ये 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसतं. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि तो फाँट चालायला मशीनच्या मागे लावायचं एक लॉक लागायचं. एक दिवस लॉक गेलं. त्या आवृत्तीसाठी नवं लॉक मिळत नाही, असं उत्तर आलं. बारा वर्षांचं लेखन डोळ्यासमोर, स्वतःच्या हार्ड डिस्कवर, आणि वाचता येत नाही. शेवटी छापील अंक समोर ठेवून निवडक लेख पुन्हा टाइप करून घेतले. बाकीचे कागदावरच राहिले.

आज युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे, ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे आणि विंडोजवरही युनिकोड उत्तम चालतं. तरी फाँट खुले असण्याचं मोल मला त्या दिवशी कळलं. लिनक्ससोबत वर्षानुवर्षं येणारा लोहित घ्या, नाहीतर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू घ्या. हे फाँट खुल्या लायसन्सखाली आहेत. कुणीही ते ठेवावेत, दुरुस्त करावेत, पुढे द्यावेत. आपल्या भाषेची अक्षरं एखाद्या लॉकवर अवलंबून नसावीत, असं मला फार मनापासून वाटतं.

आता सुरक्षेचं. 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' असं कुणी सांगितलं असेल तर ते बरोबर नाही. कोड खुला आहे म्हणून तो कुणी वाचतोच असंही नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या खुल्या प्रोग्रॅममधली, हार्टब्लीड ही चूक सापडली. ती दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तशीच होती.

मार्च २०२४ ची घटना मात्र मी प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याच्या लक्षात आलं, की दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो त्याने सोडून दिला नाही. मागोवा घेत घेत तो एक्सझेड या फाइल आवळून लहान करणाऱ्या साध्या प्रोग्रॅमपर्यंत पोचला. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवला होता आणि त्यात चोरदरवाजा बसवला होता. बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोचण्याआधी तो उघड झाला. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टचेच कर्मचारी, म्हणजे हे दोन शत्रूंचे तट आहेत असं मानायचं कारण नाही. यातून दोन्ही बाजू दिसतात. एक्सझेड सांभाळणाऱ्या एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकावर सगळं जग विसंबून होतं, ही या पद्धतीतली खरी दुबळी जागा. आणि संशय आलेला माणूस कुणाची परवानगी न मागता मुळापर्यंत जाऊ शकला, ही तिची ताकद.

रोजच्या वापरात सुरक्षा वाढते ती वेगळ्याच कारणाने. विंडोजवर माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या मशीनांपैकी बहुतेकांत कुणीतरी गुगलवर शोधून, कुठल्यातरी साइटवरून सेटअपची फाइल उतरवून टाकलेली असते. लिनक्सवर प्रोग्रॅम साधारणपणे त्या डिस्ट्रोच्या (मिंट, उबुंटू अशा जुळणीच्या) स्वतःच्या भांडारातून येतात, सही तपासून येतात आणि सगळ्यांचे अपडेट एकाच ठिकाणाहून होतात. माझ्या आईच्या लॅपटॉपवर मी मिंट टाकलं ते याचसाठी. सहा वर्षं झाली, तिला बँकेचं काम करताना मला काळजी वाटत नाही.

मग सगळे का वापरत नाहीत? पहिली गोष्ट म्हणजे, नकळत वापरतात. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. तुमच्या ऑफिसातले दोघे प्रोग्रॅमिंग करत असतील तर त्यांचं कारण बहुधा हेच असणार: ज्या सर्व्हरवर त्यांचा प्रोग्रॅम चालणार, तेच वातावरण टेबलावर मिळतं.

पण घरातल्या आणि दुकानातल्या मशीनवर निर्णय सिस्टिमवरून होत नाही, कामाच्या सॉफ्टवेअरवरून होतो. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. फोटोशॉप आणि कोरल ड्रॉ लिनक्सवर येत नाहीत; गिंप, इंकस्केप चांगले आहेत, पण लग्नपत्रिकांच्या दुकानात रोज कोरलच्या फायली येत असतील तर त्या चांगुलपणाचा उपयोग नाही. व्हॅलोरंटसारखे खेळ लिनक्सवर चालत नाहीत. डिजिटल सहीचं टोकन आणि छोटे लेझर प्रिंटर मॉडेलनिहाय तपासावे लागतात. माझ्या एका सीए गिऱ्हाइकाने हौसेने लिनक्स टाकून मागितलं होतं. दहाव्या दिवशी, रिटर्न भरायची मुदत जवळ आलेली असताना, मी स्वतः जाऊन त्यांना विंडोज परत टाकून दिलं. चूक माझी होती. मी सिस्टिमबद्दल बोललो, त्यांच्या कामाबद्दल आधी विचारलं नाही.

मोठ्या पातळीवरही असंच घडतं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार मशीनं बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. दुसरीकडे केरळ. तिथल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकताहेत. काइट ही तिथली सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची सिस्टिम शाळांना देते आणि शिक्षकांना ती शिकवते. माझ्या अनुभवात हा दुसरा भागच निर्णायक असतो. आमच्या शाळेत मी आधी दोन शनिवार फक्त शिक्षकांसाठी ठेवले. संगणकाच्या बाईंना पेन ड्राइव्ह सुरक्षित कसा काढायचा आणि प्रश्नपत्रिका पीडीएफ कशी करायची, हे दोन जमलं आणि विरोध संपला.

तेव्हा तुमच्या बाबतीत उत्तर परिस्थितीवर आहे. लॅपटॉप नवा, विंडोज अधिकृत, काम अडत नाही. मग पुसायची घाई करू नका. उत्सुकता असेल तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट घ्या आणि त्यावरूनच चालू करून बघा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं, तुमचा प्रिंटर, एवढं तपासा.

आवडलं तर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. पण त्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि विभागणी बदलल्यावर ती की मागू शकते. नसेल तर मी काय, कुणीच मदत करू शकणार नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फायली नुसत्या वाचता येतील, बदलता येणार नाहीत. आणि दोन्ही बसल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकलं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं. लिनक्समध्ये एका सेटिंगने ते जुळतं.

लॅपटॉपचं मॉडेल, प्रिंटरचं मॉडेल आणि रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं लिहून पाठवा. त्यावरून कोणती डिस्ट्रो घ्यावी, किंवा विंडोजवरच राहावं का, ते नेमकं सांगतो.